‘लाईन’ हद्दपार करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात सध्या इंग्रजी शब्दांवरून चांगलीच जुंपली आहे. एका पत्रलेखकांचे म्हणणे असे की ‘लाईन’ हा शब्द दिसला की तो खोडून तिथे ‘रांग’ नाहीतर ‘मार्गिका’ घालावी, म्हणजे विषय संपला. या गृहस्थांनी हा प्रयोग आधी कल्याणच्या फलाटावर करून पाहावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

लोकलमध्ये नवी ओळख झाली की नावगावाच्या पाठोपाठ प्रश्न येतो, ‘तुम्ही कुठल्या लाईनला?’ उत्तर ‘हार्बर’ आले की समोरच्याला पुढचे फारसे विचारावे लागत नाही. कुठे गाडी बदलता, दादर तुमच्या वाटेवर आहे की नाही, रविवारी तुमच्याकडे जेवायला येणे कितपत शहाणपणाचे, सगळे त्या एका शब्दात आले. हाच प्रश्न ‘कुठल्या मार्गिकेला राहता?’ असा विचारला तर माणूस दोन क्षण आपल्याकडे बघत राहील. रेल्वेही मेगाब्लॉकच्या पत्रकात ‘अप धीम्या मार्गावर’ असे शुद्ध लिहिते. ते वाचणारा प्रवासी मात्र शेजाऱ्याला सांगतो, ‘स्लो लाईन बंद आहे रे.’ बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती 16 एप्रिल 1853 रोजी. रुळांच्या बाजूने इतकी वर्षे राहिलेल्या शब्दाकडे आता जन्मदाखला कसला मागायचा?

आणि तो नुसता रुळांवर थांबला असता तर गोष्ट वेगळी. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्या स्टेशनातून गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा शिरस्ता. पण लग्नाच्या बोलणीत मुलीचे मामा खाकरून ‘आमच्याकडून लाईन क्लिअर’ म्हणतात आणि आतल्या बायका चहाचे आधण ठेवायला उठतात, तेव्हा त्यात स्टेशनमास्तर कुठेच नसतो. तिथे ‘मार्ग मोकळा’ म्हटले तर अर्थ तोच राहील, मामांचा रुबाब जाईल.

पुण्यात ‘लाईट गेले’ म्हणतात, विदर्भात ‘लाईन गेली’. शेतीपंपाची लाईन रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. तारा जोडणाऱ्याला महावितरण ‘जनमित्र’ म्हणते. गाव त्याला लाईनमन किंवा वायरमन म्हणते आणि खांबावर ठिणग्या उडाल्या की त्याच नावाने हाका मारते. हवालदाराची मुले पोलीस लाईनीत वाढतात. नागपूरची विधान भवनाची इमारत सिव्हिल लाईन्समध्ये आहे. बारावी झालेल्या पोराला ‘कुठली लाईन घेतलीस?’ असे विचारून काका हैराण करतात आणि तेच पोर कॉलेजच्या कट्ट्यावर कुणावर तरी लाईन मारत असते. या शेवटच्या वापराला रांग, रेषा, मार्ग, वाहिनी यांपैकी कोणता शब्द लावायचा, हे पत्रलेखकांनी कळवावे.

मला सर्वात आवडते ती गवंड्याची लाईनदोरी. भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक वीट पक्की करायची, मध्ये दोरी ताणायची आणि तिला न टेकवता तिच्या सरळीत पूर्ण थर लावायचा. गंमत अशी की इंग्रजीतला हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ जवसाच्या धाग्याची दोरी. म्हणजे गवंडी दोरीलाच ‘दोरीदोरी’ म्हणतो आहे. त्याला याचे काही नाही, भिंत सरळ आली म्हणजे झाले. आपणही या शब्दाला स्त्रीलिंगी केले, ‘लाईनी’ असे अनेकवचन दिले, ‘लायनीत ये’ म्हणून दटावायला वापरले. मराठीचे व्याकरण पाळणाऱ्याला मी तरी परका म्हणणार नाही.

याचा अर्थ जिथे तिथे लाईन चालेल असे नाही. इथे मी त्या पत्रलेखकांच्या बाजूने आहे. पंढरपूरला आषाढीच्या सुमारास दर्शनरांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. तिला वारकरी ‘दर्शनबारी’ही म्हणतात. तिथे ‘दर्शनासाठी लाईन’ असे लिहिले की वाचताना दाताखाली खडा येतो. कबड्डीचेही तसेच. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते ती निदानरेषा. चढाई करणारा कुणालाही न शिवता आणि ती न ओलांडता परतला तर तो बाद. एवढा नेमका, मैदानातल्या पोरांच्या तोंडी असलेला शब्द हाताशी असताना टीव्हीचे ऐकून ‘बॉक लाईन’ कशाला छापायची? जो मराठी शब्द लोक आजही बोलतात, तो बातमीदाराने आधी घ्यावा, एवढीच माझी कसोटी आहे.

‘मार्गिका’ या कसोटीला उतरत नाही आणि माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे. द्रुतगती महामार्गावरची लेन म्हणजे मार्गिका. रेल्वेची पाचवी-सहावी लाईन म्हणजेही मार्गिका. मेट्रोची लाईन, तीही मार्गिका. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, ते आपण मोठ्या कष्टाने एक करून टाकले. ‘एक मार्गिका बंद’ असा मथळा सकाळी दिसला की एक पट्टा बंद आहे आणि गाडी हळू जाईल, की अख्खी मेट्रोच बंद आहे आणि रिक्षा शोधावी लागेल, हे कळायला बातमी खालपर्यंत वाचावी लागते. घाईत निघालेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. आपल्या उपसंपादकांना विनंती, की ‘मार्गिका’ रस्त्याच्या लेनपुरती राखून ठेवावी. मेट्रोच्या बातमीत ‘मेट्रो 3’ एवढे पुरते, आणि रेल्वेच्या बातमीत खुशाल लाईन लिहावे.

आपला,
एक वाचक, कल्याण