एकाच पातेल्यातली जिंजर बियर, चवी मात्र चार

मा. संपादक,
घरच्या जिंजर बियरची, म्हणजे आल्याच्या आंबवलेल्या फसफसत्या पेयाची, एक बाटली गोड, दुसरी आंबट, तिसरी उघडताच छतापर्यंत! दोष बहुधा यीस्टचा नसतो, चमच्याचा असतो. फेस येण्यासाठी बाटलीगणिक चमच्याने साखर घातली की शिगोशीग आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. आंबणं पुरतं थांबल्यावर लिटरला 6 ग्रॅम साखर उकळत्या पाण्यात विरघळवून, गार करून स्वच्छ पातेल्यात ओता. त्यावर पेय नळीने अलगद सोडा, हलकं ढवळा, मग भरा. तळातला दोन बोटं गाळ सोडूनच द्या. शेवटच्या बाटल्या त्यानेच कडवटतात.

इंदूरच्या मे महिन्यात खिडकीतली बाटली कपाटातलीच्या आधी तयार होते, म्हणून सगळ्या एकाच जागी ठेवा. एक प्लास्टिकची भरा. ती दाबून टणक लागली की सगळ्या फ्रीजमध्ये. पातळ काच नकोच.

– एक वाचक, इंदूर