सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या आप्पांना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि तुमचं गाव मला कळलं नाही. दावणीवरचे सगळे तुम्हाला आप्पा म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणते. परत निघताना तुमच्याकडे आले, तर तुमची दावण उठलेली. आभार मनातच राहिले. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, पण तुमच्या नातवाच्या हातात सारखा फोन असायचा. तो वाचून दाखवेल या आशेनं लिहितेय.

मी त्या काळ्या वछेरीवाली, तरुण घोडीवाली. मैनावाली. दोन दाती, म्हणजे जेमतेम अडीच-तीन वर्षांची पोर. आमच्या मळ्यात जन्मली, तिथंच वाढली. केळी भरायला येणारा ट्रक हाच तिच्या ओळखीचा सगळ्यात मोठा आवाज. आणि तिला एकदम दत्त जयंतीच्या यात्रेत आणलेलं. तापीकाठी राजस्थान, गुजरात, पंजाबातून आलेले घोडे, पलीकडे पाळणे, रात्रभर भोंगे, बाजूला ढोलावर नाचवली जाणारी जनावरं. ती थरथरत होती. पण मला खरी धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. आल्यापासून तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

घोडं बाळगणाऱ्याला हे काय ते कळेल. एवढ्या जनावराला दिवसाला २५-३० लिटर पाणी लागतं. ते गेलं नाही की कोरडा चारा आतड्यात अडकतो, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटीही होत नाही, त्यामुळे पोटात बिघडलेलं वरून बाहेर पडायची सोय नाही. तिला ज्या स्पर्धेत उतरवायचं होतं ती दुसऱ्या दिवशी होती, पण माझ्या डोक्यातून स्पर्धा केव्हाच गेली होती.

सल्ले द्यायला माणसं कमी नव्हती. घरून निघण्याआधी एका चाबूकस्वारानं, म्हणजे घोडी शिकवणाऱ्यानं, पैसे घेतले होते आणि काटेरी लगाम पुढे केला होता. तोंड सोलवटल्याशिवाय वछेरी वळत नाही म्हणे! मी तो लगाम तिच्या तोंडाला लागू दिला नाही, तर त्यानं येणंच बंद केलं, पैसे मात्र ठेवून घेतले. बाजारात कुणी म्हणालं दोन फटके दे, कुणी म्हणालं विकून मोकळी हो. बाईमाणसानं घोड्याच्या नादी लागू नये, हेही ऐकवून झालं. ती उधळली तेव्हा दोघं-तिघं मोबाइलवर शूटिंग करत हसत होते. त्यांचा राग अजून गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही.

तुम्ही आलात आणि एवढंच विचारलंत, “पाणी पिली का ही?”

आप्पा, तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं.

मग तुम्ही तुमची म्हातारी पांढरी घोडी सोडून आणलीत आणि मैनाला दिसेल अशी, चार हातांवर उभी केलीत. तिची बादली तिच्यासमोर, आमची आमच्यासमोर. मी आमचीच तुमच्या घोडीपुढे सरकवायला गेले तर म्हणालात, “बादली ज्याची त्याची, बाई. रोग बादलीतून फिरतात.” आमच्या पाण्यात गुळाचा खडा विरघळवलात आणि मैनाकडे पाठ करून खाली बसलात. तिच्याकडे पाहिलंही नाहीत. मलाही बसवलंत. तुमची घोडी सावकाश, घुटके वाजवत पीत राहिली. मैनाचे कान आधी भोंग्याकडे होते, मग एक कान तिच्याकडे वळला, मग दुसरा. मान खाली आली. नाक पाण्याला टेकलं, झटकलं, पुन्हा टेकलं. आणि ती प्याली. अर्धी बादली प्याली! मी रडत होते, आणि तुम्ही तिकडेही पाठच ठेवलीत. त्याचेही आभार.

त्या वेळी तुमच्या दावणीवर गिऱ्हाईक उभं होतं आणि ते वाट न पाहता निघून गेलं, हे मला नंतर तुमच्या नातवाकडून कळलं. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. वर्षभर जनावर पोसून माणूस ज्या चार दिवसांसाठी तिथं येतो, त्यातला वेळ तुम्ही एका अनोळखी बाईच्या वछेरीला दिलात. बाजारात ऐटबाज फेटे पुष्कळ दिसले. पण मुक्या जिवाला तहान लागली असेल हे ज्याच्या मनात आधी येतं, तोच मला तिथला खरा घोडेवाला वाटला. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीला घोडं पाळायचा धीर होतो.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या दोरीपाशी तुमची पांढरी उभी होती, तेवढ्यावर मैना आत गेली. फेरी चालली, उभी राहिली, परीक्षकांना दात पाहू दिले. नंबर आला नाही. मला त्याचं काही वाटत नाही. ज्या पायांनी गेली त्या पायांनी घरी आली.

पाठ कच्ची आहे, खोगिराची घाई नको, असं बजावलं होतंत. घाई केलेली नाही, पुढेही करणार नाही. सध्या मोकळ्या दोरीवर चालवते, खरारा रोज होतो. तुमच्या पांढरीचं काय झालं, ती विकली की अजून तुमच्याकडेच आहे, एवढं मात्र कळवा. नातवाला सांगा, इथंच उत्तर लिही म्हणावं.

तुमची,
मैनावाली