पिसांचा डायनासोर आणि चुकलेला काळ

महोदय,

मुलांच्या पुरवणीतील डायनासोरविषयीचा लेख नातवाला वाचून दाखवला. त्यातील 'युटिरॅनस'चे चित्र पालीसारखे गुळगुळीत असून, अशनी आदळल्यामुळे तो नष्ट झाला, असे खाली लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात.

चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील खडकांत सापडलेल्या तीन सांगाड्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ शू शिंग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण वाढलेला युटिरॅनस सुमारे नऊ मीटर लांब आणि अंदाजे १,४०० किलो वजनाचा होता. त्याच्या मानेवर वीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीतभर लांबीच्या तंतुमय पिसांचे ठसे दगडात स्पष्ट उमटले आहेत. एवढे धूड उडणे शक्यच नव्हते. पण त्या काळी तिथली हवा बरीच थंड असल्याने ही पिसे ऊब धरून ठेवत असावीत, असे संशोधकांना वाटते. त्याच्या नावाचा अर्थच 'पिसांचा जुलमी राजा' असा आहे, आणि चित्रकाराने नेमकी पिसेच गाळली!

युटिरॅनस सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी वावरत होता, तर अशनी आदळला सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. तो आघात सोसला तो त्याच्या दूरच्या नात्यातल्या टी. रेक्सने, आणि त्याच्या कातडीच्या सापडलेल्या ठशांत मात्र खवलेच दिसतात.

पुढील अंकात खुलासा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा