भट्टीवाले चाचा, तुमच्या लवंगांसाठी

आदरणीय चाचा,

सप्रेम सलाम.

२०२४ चा नाताळ होऊन पंधरवडा उलटला. दारावरची चांदणी उतरवून माळ्यावर गेली, मुलं अभ्यासाला लागली, तरी तुम्हाला नीट धन्यवाद म्हटल्याशिवाय चैन पडत नाहीये. २३ डिसेंबरच्या रात्री मी ड्यूटीवरून तशीच आमचे केक भाजून घ्यायला तुमच्या पावाच्या भट्टीवर आले होते. अंगावर युनिफॉर्म, दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या आणि डोक्यात घरची शंभर कामं. बोलायचं ते राहूनच गेलं. चिठ्ठी लिहून घरी पाठवता आली असती, पण तुम्ही जे केलंत ते आणखी चार लोकांना कळायला हवं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल.

आमचं घर तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगते. माझे मिस्टर मालगाडीवर लोको पायलट आहेत, मी स्टाफ नर्स. भुसावळहून एक लाइन इटारसीकडे जाते, एक नागपूरकडे, एक सुरतेकडे, आणि मालगाड्या नाताळच्या रात्रीही धावतात. लॉबीतून, म्हणजे गाडीवरची ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसातून, कॉल आला की जेवणाचं ताट बाजूला सारून निघावं लागतं. माझीही ड्यूटी आज दिवसाची तर उद्या रात्रीची. त्यामुळे आमच्या घरी सण तारखेला येईलच असं नसतं. एका वर्षी यांनी २५ डिसेंबर बडनेऱ्याला रेल्वेच्या विश्रांतीच्या खोलीत, रनिंग रूममध्ये, काढला होता, आणि आम्ही केक २६ तारखेला कापला. मुलांनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. पप्पा ड्यूटी संपवून, साइन ऑफ करून आले की नाताळ, हे त्यांनी लहानपणीच मान्य करून टाकलंय.

तरी सगळं होतं, आणि ते सासूबाईंमुळे होतं. पहिल्या आगमन रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, त्या मनुका, काजू आणि टूटीफ्रूटी संत्र्याच्या रसात भिजत घालतात. डिसेंबरात नागपुरी संत्री गाडे भरभरून येतात, घराला आठवडाभर त्याचाच वास असतो. मग करंज्या, चकल्या, शंकरपाळी, चिवडा. मुलगा बांबूच्या कामट्या तासून चांदणी बांधतो, तिला लाल-पिवळा जिलेटिन कागद लावतो. मुलगी येशूच्या जन्माचा गोठा करते, ज्वारीच्या कडब्याचा. गोठ्यावर आणि झाडावर बर्फ म्हणून आम्ही कापूस पसरतो, दुकानातला नव्हे, ओळखीच्या शेतकऱ्याने वेचणीतून दिलेला, सरकीसकट. जाऊबाई नवापूरच्या. त्या सुरत-भुसावळ गाडीने लेकरांना घेऊन येतात आणि मावची या आदिवासी बोलीतली त्यांच्याकडची नाताळची गाणी म्हणतात. आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं ढोलकी आणि टाळ घेऊन रात्री घरोघर गात येतात, तेव्हा थंडीने त्यांचे ओठ सुकलेले असतात. सासूबाई कितीही वाजले तरी उठून आल्याचा चहा टाकतात.

आणि या सगळ्यात मोठं काम म्हणजे केक. घरातल्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच डबा मावतो, आणि आम्हाला वाटायला डझनभर लागतात. म्हणून पीठ घरी कालवायचं, डब्यांत ओतायचं आणि भट्टीवर नेऊन भाजून आणायचं, ही रीत माझ्या आजेसासूंपासूनची. त्यातले काही केक अंड्याचे, काही बिनअंड्याचे. समोरचं कुटुंब जैन आहे. आणि शेजारच्या आजी माळकरी आहेत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, महिन्याच्या दोन्ही एकादशा त्या कडक धरतात. अंगात बळ होतं तोवर मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जायच्या. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट येतं, नाताळला तेच ताट आमच्याकडून भरून जातं. ताट रिकामं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे.

हा नियम २०२३ च्या नाताळात जवळजवळ मोडला, चाचा.

त्या वर्षी आम्ही केक दुसऱ्या एका बेकरीत दिले होते. नाव घेत नाही. मोठं काचेचं दुकान, झगमगीत दिवे, काउंटरवर चॉकलेटी केकांची रांग. आम्ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तोंडी बजावूनही सांगितलं होतं. २५ तारखेला सकाळीच आजींचं ताट पोचवलं. दुपारी सासूबाईंनी घरातला केक कापला, आणि सुरी आत जाताच त्यांचा चेहरा उतरला. अंड्याऐवजी दही घातलेला केक बसका होतो, कापताना दाट लागतो. अंड्याचा हलका आणि जाळीदार होतो. आमच्यासमोरचा केक दह्याचा होता. म्हणजे अंड्याचा कुठे गेला, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सासूबाई तशाच उठल्या आणि शेजारी गेल्या. आजींनी एक तुकडा खाल्लेला होता. त्या रागावल्या नाहीत. "तू काय जानून दिला का, माय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला, मुक्ताईचं दर्शन घेऊन आल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण माझ्या सासूबाई कितीतरी दिवस नीट जेवल्या नाहीत. "त्यांनी माझ्या भरवशावर तोंडात घातलं होतं," हे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

मी त्या बेकरीत गेले होते. भांडायला नाही, निदान त्यांना वाईट वाटावं, पुढच्या माणसाच्या बाबतीत असं होऊ नये, एवढ्यासाठी. काउंटरवरच्या मालकाने मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाला, "अहो मॅडम, केक तो केक. चवीला काय फरक पडतो? आजकाल हे सगळं कोण बघतं?" चिठ्ठ्या भट्टीत जळाल्या असतील म्हणाला. माफीचा एक शब्द नाही. एका म्हाताऱ्या बाईचं आयुष्यभराचं व्रत त्याच्या लेखी चवीतला फरक होतं. वर्ष झालं, तरी त्याचं ते बोलणं आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

२०२४ च्या दिवाळीला आजींचं ताट आलं, नेहमीसारखंच. अनारसे, शेव, चिरोटे. सासूबाईंनी ते ताट धुऊन, पुसून फडताळात ठेवलं, आणि नाताळला त्यात पेढे द्यायचं ठरवलं, विकतचे. मला ते फार लागलं. ज्या बाईने मला सून म्हणून आल्यावर पहिली गोष्ट शिकवली ती केकची साखर जाळून रंग कसा आणायचा ही, तिचा स्वतःच्या हातावरचाच विश्वास उडाला होता. दोन-तीन ठिकाणी विचारलं तर नाताळच्या ऑर्डरी आहेत, बाहेरचा माल घेत नाही, असं उत्तर. शेवटी आमच्या वॉर्डातल्या मावशींनी तुमची भट्टी सांगितली.

तुम्ही त्या वेळी पावाचा शेवटचा घाणा काढत होतात. बाभळीच्या लाकडांचा धूर, पिठाने पांढरे झालेले हात, भिंतीला टेकवलेलं ते लांब दांड्याचं फावडं. मला वाटलं, तुम्हीही नाही म्हणणार. तुम्ही पिशवीत डोकावून पाहिलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "बेटी, यातले बिगर अंड्याचे कोणते?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं, चाचा. मागच्या वर्षीची गोष्ट तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. तुम्ही आपणहून विचारलंत. मी तिथे उभ्या उभ्या रडायचीच बाकी राहिले होते.

मग तुम्ही ओलं पोतं घेऊन भट्टीची फरशी नव्याने पुसलीत. फावड्याचं पातं धुतलंत. पावाला अंडं लावायचा ब्रश उचलून लांब खिडकीत ठेवलात. भट्टी जरा उतरू दिलीत, चिमूटभर मैदा आत टाकून त्याचा रंग बघितलात, आणि आधी फक्त बिनअंड्याचे डबे आत सरकवलेत. ते बाहेर येईपर्यंत अंड्याचे डबे तुम्ही दारातसुद्धा येऊ दिले नाहीत. तुमचं दिवसाचं काम संपलं होतं, घरची माणसं जेवायला थांबली असतील. तरी घाई नाही, चिडचिड नाही.

पण मला जन्मभर आठवेल ते याच्यानंतरचं. पहिले केक बाहेर आले तेव्हा मी पर्समधून पेन काढलं, चिठ्ठ्या लिहायला. तुम्ही हातानेच थांबवलंत. सदऱ्याच्या खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढलीत. दातदुखीसाठी लवंगा ठेवतो म्हणालात. त्यातली एकेक लवंग घेऊन तुम्ही प्रत्येक बिनअंड्याच्या केकच्या बरोबर मधोमध खोचलीत. केक गरम होता, बोटं भाजत होती, तुम्ही फुंकर मारून पुढच्या डब्याकडे वळत होतात. "चिठ्ठी जळते, खडूचं पुसतं," तुम्ही म्हणालात. "लवंग कुठं जात नाही. घरी अंधारात हात लावला तरी समजेल."

डबी रिकामी झाली होती. मी पैशांबरोबर लवंगांचंही काही द्यायला गेले तर तुम्ही पाठ फिरवून निखारे ओढायला लागलात.

त्या रात्री घरी सासूबाईंना मी ते केक दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. एकेका लवंगेवरून बोट फिरवलं, मग फडताळ उघडून आजींचं ताट काढलं. पेढ्यांचा विषय तिथेच संपला.

२५ तारखेला सकाळची उपासना आटोपल्यावर सासूबाई स्वतः ताट घेऊन शेजारी गेल्या. मीही मागोमाग गेले. मनात धाकधूक होतीच, आजींनी ताट घेऊन नुसतं बाजूला ठेवलं असतं तरी आम्ही काय म्हणणार होतो? आजींनी विचारलं, हे मधे काय खोवलंय? सासूबाईंनी तुमची सगळी गोष्ट सांगितली, पोत्यापासून लवंगेपर्यंत. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मले तं तो वळखत बी नाही, माय." त्यांनी लवंग काढून तोंडात टाकली आणि केकचा चांगला मोठा तुकडा मोडला. "उद्या एकादस हे, आजच खाते." दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, सफला एकादशी होती. आमच्या लक्षातही नव्हतं. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले तेव्हा आजींकडून भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी आलेल्या होत्या, वर पातीचा कांदा. आमच्या नाताळच्या जेवणात बिर्याणीच्या शेजारी त्या वर्षी भरीत होतं, आणि जाऊबाईंच्या मुलांनी तेच आधी संपवलं.

मी रोज दवाखान्यात माणसं बघते. नाश्त्याला उकडलेलं अंडं येतं. एखादी म्हातारी हळूच सांगते, माझी माळ आहे, मला त्याच हाताने पोहे नका वाढू. आणि वाढणारा खेकसतो, इथं असलं काही चालत नाही. त्या बाईला तिच्या दुखण्यापेक्षा ते बोलणं जास्त लागतं, हे मी तिच्या चेहऱ्यावर वाचलेलं आहे. हात धुवायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्याचा नेम आपल्याला पटलाच पाहिजे असं नाही, तो आपल्या हातून मोडू नये एवढं पुरतं. तुम्ही ज्या बाईसाठी फरशी पुसलीत तिला तुम्ही पाहिलेलं नाही. तिचा नेम तुमचा नाही, आमचाही नाही. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. मी जेव्हा मुलांना सांगते की चांगलं वागायचं, तेव्हा ते कसं ते दाखवायला आता माझ्याकडे तुम्ही आहात. मुलीने शाळेत "मला आवडलेला माणूस" असा निबंध लिहिला, त्यात तुम्ही आहात. लवंगेचं चित्रही काढलंय.

आणि माझ्या सासूबाई पुन्हा हसून स्वयंपाकघरात उभ्या राहतात, याचे उपकार तर मला शब्दांत मांडता येत नाहीत. तुम्ही दोघं एकमेकांना भेटलेले नाहीत, पण त्या रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेतात.

आता कामाचं. २०२५ चा ईस्टर २० एप्रिलला आहे. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा डबे घेऊन येऊ, थोडेच असतील. तुम्हाला जमत असेल तर आत्ताच सांगून ठेवा. लवंगा आम्ही घरून आणू, तुमची डबीही भरून देऊ. आणि शनिवारी माझा मुलगा भट्टीवर एक पिशवी घेऊन येईल, ती परत पाठवू नका. त्यात उन्हाळ्यात केलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, आहेत. ते आमचे नाहीत, आजींनी दिलेत, खास तुमच्यासाठी. निखाऱ्यावर भाजा, वरून कच्चं तेल लावा आणि शेंगदाण्यांबरोबर खा, असं त्यांनी बजावून सांगितलंय.

तुमची,
लवंगवाल्या केकची बेटी