ऑपरेशन झालं म्हणजे काचबिंदू गेला असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मार्चमधे काचबिंदू सप्ताह आला की पेपरात लेख येतात, चाळीशीनंतर डोळे तपासून घ्या म्हणून. बरोबरच आहे ते, पण माझ्या मुलीला काचबिंदू निघाला तेव्हा ती चार महिन्यांची होती. डोळ्यातून सारखं पाणी, उजेडात नेलं की डोळे गच्च मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसायची, आणि बघणारे सगळे म्हणायचे किती टपोरे डोळे आहेत गं, दृष्ट काढ. तान्ह्या बाळाचं बुबुळ साधारण 10 मिलिमीटर असतं, हिचं साडेबाराच्या वर गेलेलं, आतल्या प्रेशरने डोळाच ताणला गेला होता.

ऑपरेशन लगेच झालं आणि चांगलं झालं. पाणी थांबलं, आम्हाला वाटलं सुटलो. चूक झाली ती इथेच. घरी सोडताना मिळालेला कागद इंग्रजीत, त्यात एक दुधासारखा पांढरा, हलवून घालायचा ड्रॉप होता, तो स्टेरॉइडचा, सूज उतरवण्यासाठी. तो कमी करत करत बंद करायचा होता हे आम्हाला कुणी नीट समजावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाटली संपली की नाक्यावरच्या मेडिकलमधून दुसरी आणायची, चिठ्ठी कुणी मागितली नाही, डोळा तर स्वच्छच दिसत होता. अडीच महिन्यांनी भूल देऊन तपासलं तर ऑपरेशननंतर 14 वर आलेलं प्रेशर 31! स्टेरॉइडने काही जणांचं डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि लहान मुलांत ते लवकर वाढतं, हे मला त्या दिवशी कळलं. तो ड्रॉप बंद केला, प्रेशरचे ड्रॉप सुरू झाले, आकडा खाली आला. पण तेवढ्या दिवसात डोळ्याच्या नसेला जे काही झालं असेल ते भरून येत नाही.

आता बाटल्यांवर टिकल्या लावल्यात, लाल टिकली सकाळ-संध्याकाळ, हिरवी फक्त रात्री. टॉवेलमधे गुंडाळून आडवं झोपवायचं, डोळे मिटलेले असले तरी नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा, उघडले की आपोआप आत जातो, मग तोच कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरायचा म्हणजे औषध नाकातून अंगात उतरत नाही, आणि दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी. सासूबाई मोठ्याने आकडे मोजतात, ती त्यांच्याकडे बघत गप्प राहते. एका नातेवाईकांनी स्वतःचा ब्रिमोनिडीन नावाचा, डोळ्याचं प्रेशर कमी करणारा ड्रॉप देऊ केला होता, मोठ्यांना चालतो म्हणून. दोन वर्षांखालच्या मुलांना तो देतच नाहीत, मूल सुस्त पडतं, श्वास मंदावू शकतो. कृपा करून कुणी असं करू नका.

रडणाऱ्या, डोळे आवळणाऱ्या बाळाचं प्रेशर खरं कळत नाही म्हणून तपासणी भूल देऊनच. त्या दिवशी पहाटेपासून दूध बंद, कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल, तिथून पुढची गाडी, आणि ती भुकेने माझा पदर ओढत रडतेय. भुलीनेही आकडा बदलतो, त्यामुळे डॉक्टर बुबुळ वाढलंय का, डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी असलेला खड्डा प्रेशरने वाढलाय का, चष्म्याचा मायनस नंबर पळतोय का, सगळं मागच्या वेळेशी ताडून बघतात. म्हणूनच एकही तपासणी चुकवायची नाही, डोळा कितीही छान दिसू दे, आणि हे एक-दोन वर्षांचं काम नाही, मुलगी मोठी झाली तरी चालूच राहणार.

ठाणे-नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांना हात जोडून सांगणं आहे, घरी सोडताना मराठीत एक साधा कागद द्या. कुठला ड्रॉप, दिवसातून किती वेळा, कुठल्या तारखेला बंद, पुढची तपासणी कधी. आणि मेडिकलवाल्यांनो, डोळ्याचा स्टेरॉइड ड्रॉप चिठ्ठी बघितल्याशिवाय देऊ नका.

संपादक साहेब, येत्या मार्चच्या लेखात तान्ह्या बाळांसाठी चार ओळी नक्की छापा.

एक आई,
कोपरखैरणे, नवी मुंबई