'ढोंगी' म्हणण्यापूर्वी

महोदय,

बोलणे एक आणि वागणे दुसरे असे दिसले, की आपण समोरच्याला 'ढोंगी' म्हणून मोकळे होतो. इतक्या झटपट निकाल देऊ नये.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधली कथा हाच होता. रस्त्यात एक माणूस दाराशी कण्हत बसवलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली. 'उशीर झालाय' असे सांगून पिटाळलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा तसा फरक पडला नाही. ही मुले ढोंगी होती, असे मला वाटत नाही. घाईने त्यांना गाठले.

म्हणून विसंगती शोधायची तर ती मोजावी, आणि आधी स्वतःची. एकच मूल्य घ्या. 'प्रामाणिकपणा' फार मोघम होतो. 'दिलेली वेळ पाळणे' तिसऱ्यालाही दिसते. आठवडाभर दोन आकडे लिहा: प्रसंग किती आले आणि वेळ किती वेळा पाळली. बहुतेक जण दुसराच आकडा लिहितात. पण चार वेळा पाळली ती पाचपैकी की विसापैकी, हे कळल्याशिवाय त्या चाराला अर्थ नाही. नोंद तिथल्या तिथे करा, कारण रात्री आठवून लिहिताना आठवण आपलीच बाजू घेते.

प्रत्येक नोंदीपुढे एक-दोन शब्दांत परिस्थिती आणि समोर कोण होते तेही लिहा. खरी माहिती इथे मिळते. चुका घाईच्याच वेळी होत असतील, तर दोन कामांमध्ये मोकळी वेळ ठेवून बघा. पण वरिष्ठांकडे पाच मिनिटे आधी आणि हाताखालच्यांकडे अर्धा तास उशिरा, तोही न कळवता, असे दिसले तर ती वेळेची कदर नव्हे, वरच्याचा धाक आहे.

बोलण्याकडेही असाच कान द्या. आपल्या हातून झाले की 'कप फुटला', 'निरोप राहून गेला'. दुसऱ्याकडून झाले की 'कप फोडलास', 'निरोप दिला नाहीस'. जबाबदारीबद्दल आपण काय मानतो, ते अशा वाक्यांत लख्ख दिसते, आणि ती आपल्याही नकळत तोंडून जातात.

घरच्यांसाठी किंवा सहकाऱ्यांसाठी मात्र अशी वही घालू नका. आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे हे कळले, की माणूस जपून वागतो, आणि मग त्या नोंदी काही कामाच्या राहत नाहीत.

आपला,
एक वाचक