विषय: चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलल्याबद्दल, आणि वर शहाणपण शिकवल्याबद्दल

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

ऑर्डर क्रमांक, चिठ्ठीचा फोटो, तक्रार क्रमांक सगळं तुमच्याकडे आहे. पुन्हा देणार नाही. तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवला, तोही मी बोलत असताना, म्हणून हे लेखी.

आमचा बोका बंड्या मधुमेही आहे. दर बारा तासांनी इन्सुलिन. त्यात त्याचा डावा कान सारखा बिघडतो: तपकिरी मळ, आंबूस वास, मान कलती करून मागच्या पायाने खाजवत बसणं. डॉक्टरांनी मळ तपासून बुरशी असल्याचं सांगितलं आणि स्टेरॉइड नसलेले थेंब लिहून दिले. 'स्टेरॉइड नको' हे शब्द चिठ्ठीवर आहेत, खाली दोन रेघा मारून. चिठ्ठीचा फोटो टाकल्याशिवाय तुमचं अ‍ॅप पुढे सरकत नाही. मग तो फोटो बघतं तरी कोण?

पार्सलमध्ये दुसऱ्याच नावाची बाटली आली. बिलावर 'समतुल्य पर्याय'. आणि तुमचा बारकोडचा स्टिकर चिकटवलेला नेमका घटकांच्या यादीवर. थेंब सुरू झाल्यावर साखर चढू लागली म्हणून बाटली घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी टेबलावरच नखाने तो स्टिकर खरवडला. खाली क्लोट्रिमॅझोल, आणि त्याच्याखाली बीक्लोमेथासोन. हे स्टेरॉइड आहे, हे प्राण्यांची औषधं विकणाऱ्या कंपनीला मी सांगायचं?

स्टेरॉइडने इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो. सुजलेल्या, सोललेल्या कानातून ते रक्तात उतरू शकतं, म्हणून तर डॉक्टरांनी रेघा मारल्या होत्या. बंड्याची साखर 250 च्या आसपास स्थिरावली होती, ती 400 च्या वर गेली. पाण्याचं भांडं दुपारपर्यंत कोरडं, ट्रेमधल्या मातीत मुठीएवढे गोळे. आणि ही साखर मोजायची कुठून? मांजराच्या कानाच्याच कडेला सुई टोचून. डावा कान दुखरा, म्हणून सगळा भार उजव्यावर. त्याची कड आता टोचून टोचून काळीनिळी झाली आहे. ग्लुकोमीटर 'टूं' वाजला की बोका कपाटाखाली.

आता तो फोन. माझं सगळं ऐकून तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, वो तो कान की दवा है, शुगर से उसका क्या लेना-देना?" मी समजावलं. शांतपणे समजावलं, याची नोंद घ्यावी. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, 'गुणवत्ता सुधारण्यासाठी' करता ना? तो म्हणाला, एक मिनिट, सीनियरला विचारतो. मग सनई वाजली. बरीच वाजली. परत येऊन विचारतो, "आपका डॉगी अभी कैसा है?" मी म्हटलं, मांजर आहे. "जी, सॉरी. तो डॉगी का शुगर बढ़ा है, तो आप इन्सुलिन थोड़ा बढ़ा के देख लीजिए."

बढ़ा के देख लीजिए! भाजीत मीठ कमी पडलंय का? स्टेरॉइडचा असर ओसरला की तोच वाढीव डोस साखर एकदम खाली पाडतो. जनावर लडखडतं, झटके येतात, जीवही जातो. डॉक्टरांनी थेंब बंद केले आणि डोस न वाढवता रोज मोजायला सांगितलं. हे मी त्याला सांगत होते, आणि त्याने "और कोई सहायता?" म्हणून फोन ठेवला. लगेच मेसेज: तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. सोबत शंभर रुपयांचं कूपन, कुत्र्याच्या बिस्किटांवर.

पुन्हा सांगते, कारण तुमच्याकडे एकदा सांगून भागत नाही: चिठ्ठीवर 'स्टेरॉइड नको' लिहिलं होतं. तुम्ही स्टेरॉइड पाठवलंत. न विचारता.

रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या केमिस्टकडे औषध नसलं तर तो सरळ सांगतो, "काकी, आ नथी, शुक्रवारे आवशे." दुसरं काही गळ्यात मारत नाही. बडोद्याच्या उन्हात खेपा नकोत म्हणून तुमच्याकडे वळलो, तुमच्या जाहिरातीतल्या 'तज्ज्ञ फार्मासिस्ट'वर विश्वास ठेवून. तो तज्ज्ञ एकदा फोनवर आणून दाखवाच.

त्याच केमिस्टने मला औषध नियम, 1945 मधला 65 (11-अ) वाचून दाखवला. शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तेच असले तरी. इथे तर घटकही तेच नाहीत. तुमच्याकडे कायदा विभाग असेल, त्यांना विचारा. नाहीतर सीनियरला विचारा, सनई लावून.

औषधाचे पैसे, डॉक्टरांची जादा फी आणि स्ट्रिपचा खर्च मला परत हवा. 'समतुल्य' कोणी ठरवलं, हे त्याच्या नावानिशी लेखी हवं. आणि या बाटल्या अजून किती मधुमेही जनावरांच्या घरी गेल्या ते शोधून त्यांना आजच फोन करा. हे पैशांच्या आधी करा.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल, मग जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीही पडत नाही, तेव्हा मी कंटाळेन या भरवशावर राहू नका. खरवडलेल्या स्टिकरसकट बाटली जपून ठेवली आहे. ती परत न्यायला माणूस पाठवू नये, मिळणार नाही.

तुमची (आतापर्यंतची) ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे